गळकी इकॉनॉमी

धुलाई कारखान्यात त्यांचं खरं आडनाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्यांना मोजके म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटे आणि जुन्यांपैकी कुणी त्याची समजूत दुरुस्त करायला जात नसे.

नाव उगाच पडलं नव्हतं. मोजके बॉयलर सांभाळत. बॉयलरची वाफ पलीकडच्या दालनात जाई, तिथे दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी मोठाल्या गरम रुळांखालून कोरड्या होऊन निघत. कोळशाच्या ढिगाकडे जाताना मोजक्यांच्या हातात रिकामी पाटी असे, येताना भरलेली. पाणी प्यायला उठले तरी वाटेत पडलेलं काहीतरी उचलून त्याच्या जागी ठेवूनच ते माठापर्यंत पोचत. त्यांना रिकाम्या हाताने फेरी मारताना कुणी पाहिलं नाही. कोळसा टाकताना त्यांचं फावडं भट्टीच्या तोंडाला आपटत नसे. ज्याचं आपटतं त्याची निम्मी मेहनत लोखंडाला जाते, असं त्यांचं म्हणणं. पण हेसुद्धा ते बोलून दाखवत नसत. कधी शिकायला आलेल्या माणसाचं फावडं आपटलं की नुसते त्याच्या हातांकडे बघत. त्याला ते पुरत असे.

काही जण त्यांना चिक्कूही म्हणत. ते खोटं होतं. अडल्यानडल्याला मोजके देत, फक्त देताना बोलत नसत, आणि न बोलता दिलेलं लोकांच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं त्यांनी थोरल्या भावाकडून घेतलं होतं. भाऊ त्याच बॉयलरवर होता. "तोंडची वाफ दवडू नकोस," तो म्हणे, "आपल्याला ती विकायची असते." बॉयलरच्या मागे, धुराड्याकडे जाणाऱ्या वाटेत, नागमोडी नळ्यांचा एक जुडगा भावाने स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. बाहेर जाणारा धूर जाता जाता त्या नळ्यांतलं पाणी तापवी आणि ते तापलेलं पाणी बॉयलरच्या पोटात जाई. फुकट जाणारी आग कामाला लागे. बसवायला आलेल्या माणसाने त्याचं नाव इकॉनॉमायझर असं सांगितलं. भावाने तिथल्या तिथे त्याची शेपूट छाटली आणि नाव ठेवलं इकॉनॉमी. तेव्हापासून बॉयलरघरात तोच शब्द. "इकॉनॉमी बघ रे", "इकॉनॉमी पुसून घे". दुसऱ्या कुठल्या इकॉनॉमीशी त्या दोघांचा संबंध आला नाही.

भाऊ छातीच्या दुखण्यात गेला. त्याच्या जागी मोजके आले आणि राखेच्या कामावर वहिनी, म्हणजे भावाची बायको. भट्टीखालच्या खड्ड्यात राख साचते. ती वेळेवर ओढली नाही तर आगीला वारा मिळत नाही. वहिनी लांब दांड्याच्या खोऱ्याने राख ओढत, हातगाडीत भरत आणि मागच्या अंगणात नेऊन टाकत. कष्टाचं काम, आणि त्यात कुणी शाबासकी देत नाही. राहायला त्या मोजक्यांच्या शेजारच्या खोलीत होत्या. मधली भिंत एक, पण चूल वेगळी. दिराने आणि जावेने किती वेळा एकत्र जेवायचं म्हणून पाहिलं. वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं, "हातपाय चालताहेत तोवर दुसऱ्याच्या ताटात हात घालणार नाही." नोकरी गेली तर तो हात घालावाच लागणार होता. हे दोन्ही खोल्यांना माहीत होतं आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं.

आणि मग कारखान्यात नवे साहेब आले.

साहेब हळू बोलत आणि कामगारांनाही अहोजाहो करत. मोजक्यांच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. ओरडणाऱ्या साहेबाचं एक बरं असतं, तो कुठे आहे ते कळतं. हा दारात येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे.

आठवड्याभरात फाटकाशी सूचना लागली. रुळांवर एक माणूस होता, त्याला सगळे बातमीदार म्हणत, कारण कारखान्यातली कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडून गेल्याशिवाय खरी होत नसे. त्याने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. यापुढे सर्व खात्यांत इकॉनॉमी. प्रत्येकाने सहकार्य करावे.

"इकॉनॉमी म्हणजे काय रे बाबा?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझा जावई विमानातून इकॉनॉमीत बसून गेला होता," बातमीदार म्हणाला. "गुडघे हनुवटीला लागले म्हणाला. म्हणजे आता आपलेही लागणार."

लोक हसले. मोजके हसले नाहीत. त्यांना वाटलं, अखेर कुणीतरी आपल्या नळ्यांची दखल घेतली. इकॉनॉमी गळायला लागून बरेच दिवस झाले होते. एका नळीच्या सांध्यातून पाणी ठिबके आणि धुराच्या वाटेत पडून चर्र आवाज करी. त्यांनी फिटरला सांगितलं होतं, जुन्या साहेबांना सांगितलं होतं. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता थेट फाटकावर सूचना. मोजक्यांना आनंद व्हायला हवा होता. पण न मागता मिळणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मनाशी म्हणत ते भट्टीकडे वळले.

घरी बायकोने कपड्यांच्या साबणाचा मोठा पुडा आणला होता. त्यावर मोठ्या अक्षरात इकॉनॉमी पॅक असं छापलेलं.

"हे काय?" मोजक्यांनी विचारलं.

"इकॉनॉमी पॅक. मोठा घेतला की स्वस्त पडतो."

"जास्त घेतलं की काटकसर होते?"

"अहो, मी नाही म्हणत, पुडा म्हणतोय." बायको पुडा फळीवर ठेवत म्हणाली. "मघाशी टीव्हीवरचा माणूसही म्हणत होता, इकॉनॉमी वाढतेय."

"कुठे गळतेय ते बघ म्हणावं आधी."

बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. एका संध्याकाळी एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून निघणं तिला नवं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब बॉयलरघरात आले. नाकाला रुमाल नव्हता, बूट राखेत बुडाले तरी तोंड वाकडं केलं नाही. मोजक्यांना हेही आवडलं नाही.

"मोजके, तुमच्या खात्यात इकॉनॉमीचं काय करता येईल?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळीकडे तेच चाललंय. म्हटलं, ज्याचं खातं त्यालाच विचारावं."

मोजक्यांनी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे पाहिलं, वाफेच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आमची जुनी झाली," ते म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी वहिनी राखेची गाडी ढकलत दारातून बाहेर निघाल्या होत्या. उंबऱ्याशी गाडी अडली. त्या थांबल्या, दम घेतला, पुन्हा रेटा दिला. साहेबांची नजर तिकडे गेली आणि परत आली.

"जुनी झाली," ते म्हणाले. "बरीच वर्षं आहे का?"

"माझ्याआधीची. भावाने बसवली."

"अस्सं. मग तुम्हाला जड जाईल."

"जड कशाला? काम देत नाही तर काढायची. भावाने बसवली म्हणून काय पूजा करायची?"

साहेब थोडे हसले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. काढताना त्रास होईल?"

"होणारच. गंजून बसलीय. इतकी वर्षं जागची हललेली नाही. पण एकदा निघाली की खर्च वाचेल."

"आणि तिच्या जागी?"

"नवी घाला. नसेल घालायची तर तिच्यावाचूनही चालतं. वळसा घालून."

"तिच्यावाचूनही चालतं," साहेब हळूच म्हणाले, जणू चव घेऊन बघत होते. "मोजके, सगळे म्हणतात तुम्ही बोलत नाही. पण बोलता तेव्हा कामाचं बोलता."

ते गेले. मोजक्यांना कौतुक झालेलं आवडलं नाही. पण इकॉनॉमी दुरुस्त होणार म्हणून त्यांनी धुराच्या वाटेचं झाकण पुसून ठेवलं, येणाऱ्या फिटरचे हात उगाच काळे नकोत.

फिटर आला नाही. शनिवारी वहिनींना ऑफिसात बोलावणं आलं.

त्या परत आल्या तेव्हा पाळी संपायची होती. खोरं धुऊन भिंतीला टेकवलं. हातगाडी उलटी करून ठेवली, म्हणजे पाणी साचून तळ गंजणार नाही. पदराने मान पुसली. मोजके बघत होते. रोज निघताना त्या "येते भाऊजी" म्हणत. त्या दिवशी नुसत्या निघाल्या.

घरी कळलं. वहिनींना सोमवारपासून येऊ नका असं सांगितलं होतं. हे त्यांनी जावेला सांगितलं, दिराला नाही.

"आणखी काय म्हणाल्या?" मोजक्यांनी बायकोला विचारलं.

"म्हणाल्या, घरच्याच माणसाने आगीत घातलं."

"घरच्याच? कोण घरचं?"

बायको भांडी पुसत होती. एक भांडं तिने गरजेपेक्षा जास्त वेळ पुसलं. "तुम्ही काही बोललात का हो कुणापाशी?"

"मी कधी कुणापाशी बोलतो?"

"तेच तर. न बोलणारा माणूस काय बोलून बसेल त्याचा नेम नसतो."

 मोजक्यांच्या मनात चक्र सुरू झालं. घरचं माणूस म्हटलं तर दोनच, ते आणि बायको. बायको मागे म्हणाली होती, जाऊबाईंनी या वयात राख ओढणं बरं दिसत नाही, लोक आपल्याला नावं ठेवतात. म्हणजे हिने तर कुणाकडून साहेबांच्या कानावर घातलं नसेल? त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवरून काही कळत नाही. मग त्यांना आपलीच लाज वाटली आणि त्यांनी संशय बाहेरच्या माणसांवर नेला. फिटर? त्याला इकॉनॉमीच्या कामाचा कंटाळा, पण वहिनींशी त्याचं काय वाकडं? बातमीदार? तो दिसेल त्या साहेबाच्या मागेपुढे करणारा. आणि वहिनींना घरच्यासारखा, त्यांना आक्का म्हणायचा. बस, तोच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बातमीदाराला रुळांमागे गाठलं. तिथे गरम सुती कापडाचा वास असतो आणि बोललेलं बाहेर ऐकू जात नाही.

"साहेबांना तू सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"वहिनींचं."

बातमीदाराने डबा बंद केला. त्याचा चेहरा बघून मोजक्यांना पहिल्यांदा शंका आली की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. तो घाबरला नव्हता, त्याला किळस आली होती.

"मोजके, तुम्ही वयाने मोठे, म्हणून बोलत नाही," तो म्हणाला. "पण हे माझ्या गळ्यात मारू नका. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. साहेबांनी स्वतः आक्कांना सांगितलं, तुमचेच दीर म्हणाले. काय शब्द होते? जुनी झाली, काम देत नाही, तिच्यावाचूनही चालतं."

मोजक्यांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. आपलं फावडं दुसऱ्याच्या हातात दिसावं तसं.

"आता मीच तुम्हाला विचारतो," बातमीदार म्हणाला. "सख्ख्या भावाची बायको. काय मिळालं हो?"

मोजके बॉयलरघरात परतले. धुराच्या वाटेत थेंब पडला आणि चर्र झालं. आणखी एक पडला. ते तिथेच उभे राहिले. आमची जुनी झाली. भावाने बसवली. गंजून बसलीय. एकेक वाक्य उलटं फिरून परत येत होतं आणि प्रत्येक वाक्य वहिनींना लागू पडत होतं. एक शब्द जास्त टाकला असता, नुसतं नळी म्हटलं असतं, तरी हे झालं नसतं. भावाने छाटलेली शेपूट आणि त्यांनी वाचवलेली वाफ, दोन्ही मिळून वहिनींच्या पोटावर आल्या होत्या.

त्या दिवशी घराकडे येताना ते रिकाम्या हाताने आले. डबा बॉयलरघरातच राहिला.

वहिनी दारात बसून जुन्या साडीची कड शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वहिनी, चूक झाली. मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत."

"मग कोणाबद्दल?"

"इकॉनॉमीबद्दल."

"तेच ते." सुई वर गेली, खाली आली. "साहेबही तेच म्हणाले. इकॉनॉमीसाठी म्हणाले."

"तसं नव्हे. आपली इकॉनॉमी. मागची."

"मागचं काढू नका भाऊजी. मागचं काढलं तर तुमच्या भावापाशी जाऊन थांबेल." त्यांनी दोरा दाताने तोडला. "एक सांगा. माझ्या खोलीवर डोळा आहे का? भिंत पाडून मोठी खोली होईल. तसं असेल तर सरळ सांगा. इतक्या वर्षांत मला कधी 'कशा आहात' म्हणून विचारलं नाहीत, आणि त्या साहेबापुढे एवढं भाषण?"

 मोजक्यांना उत्तर सुचलं होतं, पण ते लांब होतं, आणि लांब उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. वहिनी उठल्या आणि दार लोटलं. आतून कडी लागली. दिवेलागणीआधी त्या कधी कडी लावत नसत.

दुसऱ्या दिवशी आग मंद करून, पाण्याची काच बघून, शेजारच्या खात्यातल्या पंपवाल्याला तिथे उभं करून मोजके ऑफिसात गेले.

"बसा मोजके."

मोजके उभेच राहिले. "मी नळीबद्दल बोललो होतो."

"कुठली नळी?"

मग मोजके बोलले. नळ्या कुठे आहेत, धूर कसा जातो, पाणी कसं तापतं, भावाने नाव कसं छाटलं, सांधा कुठे गळतो, सगळं. कपाळाला घाम आला. भट्टीसमोर त्यांना कधी एवढा घाम आला नव्हता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"मला वाटलं, घरचं माणूस म्हणून तुम्ही नाव घेत नाही," ते म्हणाले. "आडून सांगताय."

"मला सरळ बोलायला जड जातं, आडून कुठला बोलतोय. आता कळलं ना? त्यांना परत बोलवा."

"तसं होत नाही मोजके. प्रत्येक खात्यातून एक माणूस कमी करायचा, हे वरून ठरून आलंय. तुमच्या खात्यात माणसं दोन. तुमच्याकडे बॉयलरचं सर्टिफिकेट, तुमच्याशिवाय तो पेटवायला कायदा परवानगी देत नाही. राहिलं कोण?"

"मग मला विचारायला कशाला आलात?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "विचारलं की लोकांना बरं वाटतं."

"आणि त्यांना माझं नाव का सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात ना."

मोजके त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. याला त्या दिवशी कळलं नव्हतं, की कळून सोयीचं तेवढं घेतलं? चेहरा गुळगुळीत होता. काट्यासारखं त्यावर काही हलत नव्हतं.

"राख कोण काढणार?"

"तुम्हीच म्हणाला होतात, वळसा घालून चालतं."

"नळीला वळसा असतो," मोजके म्हणाले. "राखेला नसतो."

वहिनींचं खोरं भिंतीला टेकवलेलं होतं तिथेच राहिलं. मोजक्यांनी त्याला हात लावला नाही. हा रुसवा नव्हता. पाण्याच्या काचेवरची नजर काढून खड्ड्यात वाकणारा बॉयलरवाला फार दिवस टिकत नाही, आणि त्याच्या भिंतीपलीकडे काम करणारेही. हे भावाने शिकवलं होतं आणि त्यासाठी मात्र त्याने भरपूर वाफ दवडली होती. एका माणसाचं काम मोजके नीट करत होते. दोन माणसांचं काम कुणीच नीट करू शकत नाही, नुसतं केल्यासारखं दाखवता येतं.

राख चढली तशी आग घुसमटली. नियमाप्रमाणे मोजक्यांनी कोळसा कमी टाकला. काटा खाली आला. पलीकडे रुळांखालून चादरी ओलसर निघू लागल्या. साहेबांनी कपडे पिळायच्या यंत्रावरचा एक दणकट गडी राख ओढायला पाठवला. गड्याने खांद्याच्या जोरावर खड्डा बघता बघता रिकामा केला आणि धगधगत्या राखेवर पाण्याची बादली उपडी केली. भसकन राखाडी ढग उठला, दारातून निघाला आणि ओलसर निघाल्या म्हणून अंगणात वाळत टाकलेल्या चादरींवर जाऊन बसला. वहिनी आधी कडेकडेने थोडं पाणी शिंपडत, राख दबेपर्यंत थांबत, मग खोरं लावत. त्या थांबण्याला काम म्हणतात हे कुणाला दिसलं नव्हतं. मोजक्यांनाही नाही. आपल्या पाठीमागे रोज काय चालतं ते वळून बघायची त्यांनी कधी तसदी घेतली नव्हती, आणि हे कळल्यावर त्यांना साहेबांवर धड रागावताही येईना.

गड्याने दुसऱ्या दिवशी यायला नकार दिला. बाकी कुणी पुढे आलं नाही. बॉयलरवाल्याजवळ काम करायचं म्हणजे आपलंही नाव साहेबांकडे जायचं, असं रुळांवर उघड बोललं जात होतं. धुतलेले कपडे परत धुवावे लागले, दवाखान्याची गाडी रिकामी परत गेली. मग ऑफिसचा शिपाई वहिनींच्या दारात आला. तात्पुरतं या, म्हणाला. तात्पुरतं हा शब्द त्याने दोनदा उच्चारला.

वहिनी आल्या. खोरं घेतलं, दांडा चाचपला, कडेकडेने पाणी शिंपडलं. मोजक्यांशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी "येते" म्हणाल्या, पण त्यात भाऊजी नव्हतं.

महिन्यातून एकदा बॉयलर थंड करून साफ करतात. त्या दिवशी सकाळी मोजके धुराच्या वाटेचं झाकण उघडत होते, तेवढ्यात वहिनी येऊन मागे उभ्या राहिल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मोजके बाजूला झाले. वहिनी वाकल्या, आत डोकं घातलं. काजळी माखलेल्या नळ्या एकमेकींवर वळून बसल्या होत्या. एका सांध्याशी गंजाचा तांबडा ओघळ होता. त्यांनी तिथे बोट लावलं. बोट ओलं झालं.

"ही?"

"ही."

"हिला म्हणालात जुनी?"

"हिलाच."

"हिला गंजून बसलीय म्हणालात? हिच्यावाचून चालतं म्हणालात?"

"हो वहिनी."

त्यांनी बोट पदराला पुसलं. बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिल्या. त्या नळ्या बसवल्या त्या दिवशी नवरा घरी येऊन किती बडबडला होता ते त्यांना आठवत असावं. तो मोजका नव्हता. तो कामावर शब्द वाचवायचा आणि घरी उधळायचा. धाकट्याने त्यातलं अर्धंच उचललं होतं.

"गळते खरी," त्या म्हणाल्या. मग वळल्या. "आणि माझं काय?"

मोजक्यांनी घसा साफ केला. "तुम्ही पाणी आधी कडेने मारता. मग थांबता. त्या गड्याने एकदम ओतलं. राख उडाली, कपडे गेले. तुम्ही गाडी उलटी ठेवता म्हणून तिचा तळ अजून शाबूत आहे. खड्डा तळापर्यंत ओढता, त्यामुळे मला सकाळी आग एका हाताने लागते. हे मी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही नव्हता तेव्हा बघितलं. आणि खोलीचं म्हणाल तर, भिंत पाडायचं माझ्या मनात कधी..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "इतकं बोललात तर मला परत संशय येईल."

पण त्या तिथून गेल्या नाहीत. झाकण लावायला एक बाजू धरली. झाकण जड होतं. दोघांनी मिळून ते एका दमात बसवलं, कुठे आपटलं नाही.

"हिचं नाव बदला मात्र," जाता जाता त्या म्हणाल्या.

"काय ठेवू?"

"नळ्या म्हणा. माणसाला लागू पडणार नाही असं काहीतरी म्हणा."

त्या दिवसापासून बॉयलरघरात नळ्या म्हणतात. नळ्या अजून गळतात, कारण फाटकावरची सूचना तशीच आहे आणि इकॉनॉमी असल्यामुळे दुरुस्तीला मंजुरी मिळत नाही. वहिनीही अजून तात्पुरत्याच आहेत. संध्याकाळी "येते भाऊजी" म्हणून निघतात.

साहेब मधूनमधून बॉयलरघरात डोकावतात, तब्येत विचारतात, गोड बोलतात. मोजके त्यांच्याशी आता लांबलचक बोलतात, प्रत्येक वस्तूचं अख्खं नाव घेऊन, शेपटीसकट. साहेब कंटाळून घड्याळ बघतात. आणि तेवढा वेळ उंबऱ्याशी राखेची गाडी थांबलेली असते. वहिनी दम घेत असतात, असं बघणाऱ्याला वाटतं, पण त्यांचा कान आत असतो. बोलणं संपलं, साहेब गेले, की मगच चाक पुढे सरकतं.